मोफत वापरतात, कौतुकही करतात, पण पैसे देत नाहीत: उत्पादन बदलावे की ग्राहक?

तेलपाणी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही दोघा सहसंस्थापकांनी लहान आणि मध्यम कारखान्यांसाठी यंत्रांच्या देखभालीची नोंद ठेवणारी एक प्रणाली तयार केली आहे. प्रत्येक यंत्रावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. यंत्र अडले की कामगार मोबाइलवर तो स्कॅन करून तक्रार नोंदवतो, ती देखभाल विभागाकडे जाते, आणि दुरुस्ती झाल्यावर यंत्र किती वेळ बंद होते, कोणता सुटा भाग बदलला, हे तिथेच नोंदले जाते. ग्रीस भरणे, फिल्टर बदलणे, पट्टा ताणणे अशा ठरलेल्या कामांची आठवणही प्रणाली वेळच्या वेळी करून देते.

काही कारखान्यांना आम्ही ही प्रणाली चाचणीसाठी मोफत दिली. वापर चांगला आहे, भेटीला गेलो की कौतुक होते, नव्या सोयींच्या मागण्याही येतात. मात्र शुल्काचा विषय काढला की "पुढच्या तिमाहीत बघू" हे उत्तर ठरलेले. नकार कोणीच देत नाही, आणि त्यामुळेच नेमके कुठे अडते आहे ते कळत नाही.

आमच्या दोघांत यावरून मतभेद आहेत. माझ्या सहकाऱ्याला वाटते की आपले उत्पादन पुरेसे नावीन्यपूर्ण नाही. यंत्रांवर सेन्सर बसवून बिघाड होण्याआधीच सूचना दिली, तर लोक आनंदाने पैसे मोजतील आणि गुंतवणूकदारही पुढे येतील. मला वाटते की आहे त्याचेच पैसे मिळत नसताना नवा खर्च अंगावर घेणे धोक्याचे आहे. चमूतली तरुण मंडळी आपापल्या कल्पना मांडत असतात, त्यांना प्रत्येक वेळी "आता नको" म्हणणेही बरे वाटत नाही. हाती असलेली रोकड वर्षभरही पुरणार नाही.

एक बारीकसे निरीक्षण सांगतो, त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. एका कारखान्यात कंप्रेसरशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली जुनी नोंदवही अजून लटकते आहे. तिथला सुपरवायझर आमच्या प्रणालीत नोंद करतो आणि लगेच तीच नोंद पेनाने त्या वहीतही करतो. कारण विचारले तर म्हणाला, "साहेब वही मागतात."

अशा स्थितीत उत्पादन बदलावे, ग्राहक बदलावा की किंमत बदलावी? आणि मोजक्या पैशांत कोणत्या नव्या कल्पनेला हात घालावा, हे कसे ठरवावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वर्कऑर्डर यांचे उत्तर

मी बरीच वर्षे कारखान्यांच्या देखभाल विभागात आणि त्यानंतर खरेदी विभागात काम केले आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांचे प्रस्ताव ज्या टेबलावर येऊन पडून राहतात त्या टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वहीत आहे. जो सुपरवायझर दोनदा नोंद करतो तो तुमचा वापरकर्ता आहे. जे साहेब वही मागतात ते तुमचे ग्राहक आहेत, किंवा व्हायला हवेत. त्या साहेबांना तुम्ही भेटला आहात का? तुमच्या लिहिण्यावरून तरी तसे वाटत नाही. ते कोण आहेत, वही कोणत्या दिवशी मागतात, तिच्यातली कोणती पाने उघडतात आणि ती पुढे कोणाला दाखवतात, हे आधी शोधून काढा. कारखान्यात एखादी वही खिळ्यावर टिकून राहते तेव्हा तिच्यामागे बहुधा एखाद्या तपासणीची किंवा सहीची गरज असते.

एक ठोस उदाहरण देतो. मोटार उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता मानक पाळावे लागते. ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात यंत्रांच्या देखभालीची लेखी व्यवस्था स्पष्टपणे मागितली आहे. देखभालीची उद्दिष्टे ठरलेली असावीत, दोन बिघाडांमधला सरासरी काळ किंवा दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ अशा मापांनी ती तपासली जावीत, आणि उद्दिष्ट गाठले गेले नाही तर त्यावर काय केले हेही दाखवता यावे, अशी अपेक्षा असते. हे आकडे ऑडिटच्या आधी वहीतून काढायचे म्हणजे गुणवत्ता विभागातली दोन माणसे काही दिवस तेवढ्याच कामाला जुंपली जातात. अशा कारखान्यात तुमची प्रणाली गुणवत्ता प्रमुखाला दाखवा, आणि दाखवताना क्यूआर कोडबद्दल बोलू नका. ऑडिटर ज्या स्वरूपात तक्ता मागतो त्या स्वरूपातला तक्ता एका बटणावर छापून दाखवा. ज्या कारखान्यावर असे कोणतेही बंधन नाही त्याच्या दृष्टीने तुमची प्रणाली ही एक चांगली सोय आहे, आणि केवळ सोयीसाठीची खरेदी तिमाहीमागून तिमाही पुढे ढकलता येते.

कौतुकाबद्दलही सांगतो. समोर बसलेल्या माणसाला त्याच्या उत्पादनाचे दोष सांगणे बहुतेकांना अवघड वाटते, आणि कौतुकाला काही खर्च येत नाही. म्हणून "तुम्हाला ही प्रणाली आवडली का" किंवा "तुम्ही ही विकत घ्याल का" असे विचारण्यात अर्थ नाही. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारा. मागच्या वेळी मुख्य यंत्र बंद पडले तेव्हा पहिला फोन कोणी कोणाला केला, सुटा भाग कुठून आणला, उत्पादनाची भरपाई करायला कोणाला जादा पाळी करावी लागली, आणि त्यानंतर असे पुन्हा होऊ नये म्हणून पैसे खर्च करून काय केले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "काही नाही" असे आले, तर त्या कारखान्याला हे दुखणे अंगवळणी पडले आहे, असे समजून पुढच्या दाराकडे वळा.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. वर्षाचे शुल्क एकरकमी मागितले की ते अनेकदा वेगळ्या मंजुरीत जाते आणि सह्यांची साखळी लांबते. तीच रक्कम महिन्याच्या चालू खर्चात मागितली तर बऱ्याच ठिकाणी कारखाना प्रमुख स्वतःच्या अधिकारात ती मंजूर करू शकतो. "तुमच्या स्वतःच्या सहीने किती रकमेपर्यंत खरेदी होते?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला संकोच वाटतो खरा, पण तो विचारल्यावर पुढच्या कितीतरी निष्फळ भेटी वाचतात.

आडवी बेरीज यांचे उत्तर

वर्कऑर्डर यांनी माणूस कोणता गाठायचा ते सांगितले. मी हिशेबाबद्दल लिहितो, कारण वर्षभरही न पुरणारी रोकड हाच तुमच्या सगळ्या निर्णयांचा खरा मालक आहे.

किंमत हा उत्पादनाचाच एक भाग आहे आणि नावीन्य तिथेही दाखवता येते. झेरॉक्स कंपनीचे ९१४ हे प्रत काढणारे यंत्र १९५९ मध्ये आले तेव्हा ते अवजड होते आणि विकत घ्यायला फार महाग पडले असते. कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले, त्यात २,००० प्रती धरल्या आणि त्यापुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट आकारले. कार्यालयांनी एकदा हवी तेव्हा प्रत काढायची सवय लावून घेतल्यावर प्रतींची संख्या कोणाच्याही अंदाजापलीकडे वाढली आणि उत्पन्न त्या मोजणीतून येऊ लागले. तंत्रज्ञान थोर होतेच, पण भाड्याची ही पद्धत नसती तर किती कार्यालयांनी ते यंत्र दारातून आत घेतले असते याची शंका वाटते. देखभालीच्या क्षेत्रातलेच दुसरे उदाहरण विमानाच्या इंजिनांचे आहे. ब्रिस्टल सिडली या इंजिन कंपनीने १९६२ मध्ये आपल्या व्हायपर इंजिनांसाठी उड्डाणाच्या दर तासामागे ठरावीक रक्कम घेऊन दुरुस्ती आणि सुट्या भागांची जबाबदारी स्वतःकडे घेण्याची योजना आणली. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली आणि ही पद्धतही तिच्याबरोबर गेली. इंजिन जितके कमी बिघडेल तितका इंजिनवाल्याचा फायदा, त्यामुळे विकणारा आणि घेणारा दोघांचे हित एका बाजूला आले.

तुम्ही लगेच तासावर शुल्क लावा असे मी म्हणत नाही. बिघाडाची जबाबदारी घेण्याइतके तुमचे पाय अजून जमिनीत रोवलेले नाहीत. मात्र शुल्क वापरकर्त्यांच्या संख्येवर लावले असेल तर ते आधी बदला. माणसामागे पैसे मोजायचे म्हटले की कारखाना एकाच मोबाइलवर साऱ्या पाळ्यांच्या नोंदी करतो आणि तुमची माहिती तिथेच निरुपयोगी होते. यंत्रामागे शुल्क लावले तर कितीही माणसांनी वापरले तरी कोणाची हरकत राहत नाही.

आता एक हिशेब मांडतो. समजा, एक ग्राहक मिळवण्यासाठी भेटी, प्रवास, यंत्रांची यादी भरून देणे आणि प्रशिक्षण मिळून ६० एकक खर्च होतात. तो महिन्याला ५ एकक देतो आणि त्याला सेवा देण्यात २ एकक जातात. हाती ३ उरतात, म्हणजे केलेला खर्च वसूल व्हायला २० महिने लागतात. असा ग्राहक सरासरी १५ महिन्यांत सोडून जात असेल, तर प्रत्येक नव्या ग्राहकामागे १५ एककांचा खड्डा पडतो, आणि तुम्ही जितक्या जोमाने विक्री कराल तितक्या लवकर बुडाल. गुंतवणूकदाराचा पैसा हा खड्डा बुजवत नाही, तो फक्त अधिक वेगाने खणण्याची सोय करतो. त्यामुळे सेन्सरचा विचार करण्याआधी हे चारही आकडे तुमच्या स्वतःच्या नोंदींतून काढा. माझा अंदाज असा की यंत्रांची यादी भरून देण्याचे काम तुमचीच माणसे करत असतील आणि त्याचा खर्च कुठेच दिसत नसेल.

मोफत चाचणीबद्दल माझे मत कडक आहे. यापुढे एकही नवी चाचणी फुकट देऊ नये. रक्कम लहान ठेवा, पुढच्या शुल्कातून ती वजा करून द्या, पण परचेस ऑर्डर निघालीच पाहिजे. त्या निमित्ताने तुमचे नाव त्यांच्या पुरवठादारांच्या यादीत चढते. हे काम कंटाळवाणे असते आणि ते एकदा झाले की दुसरी ऑर्डर निघायला फारसे काही लागत नाही.

शंकेखोर यांचे उत्तर

आडवी बेरीज यांचा हिशेब मान्य, पण मोफत देणे सरसकट बंद करावे हे पटत नाही. थ्रीएम कंपनीच्या चिकटचिठ्ठ्यांचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये अगदी हलके चिकटणारा आणि सहज सुटणारा गोंद शोधला, पण त्याचा उपयोग काय, हे काही वर्षे कोणालाच सुचत नव्हते. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या खुणांच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडण्याचा त्रास होत होता आणि त्यांना तो गोंद आठवला. १९७७ मध्ये कंपनीने चार शहरांत ही वस्तू विकायला ठेवली तेव्हा प्रतिसाद थंड होता, कारण दुकानात पाकीट पाहून तिचा उपयोग कळत नाही. पुढच्या वर्षी बॉइसी या शहरातल्या कार्यालयांत नमुने फुकट वाटले, आणि ज्यांनी ते वापरले त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांनी आपण ही वस्तू विकत घेऊ असे सांगितले. १९८० मध्ये ती अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आली.

या कथेत फुकट वाटलेली वस्तू वापरून संपत होती, आणि संपली की तिची उणीव भासत होती. तुमची प्रणाली संपत नाही. चाचणीला शेवटची तारीखच नसेल तर पैसे देण्याचा क्षण येणार कधी? म्हणून माझी सूचना अशी आहे की मोफत द्या, पण मुदत घाला, आणि मुदत संपल्यावर रीतसर पूर्वसूचना देऊन प्रणाली खरोखर बंद करा. जुनी माहिती त्यांना उतरवून घेऊ द्या, ती अडवून धरणे शोभणार नाही. मग फोन येतो का, आणि आला तर कोणाचा येतो, हे पाहा. शंभर कौतुकांपेक्षा त्या एका फोनमधून जास्त कळेल.

दुसरा मुद्दा दिशा बदलण्याचा, ज्याला हल्ली सगळे पिव्होट म्हणतात. तुमच्या सहकाऱ्याच्या मनात बहुधा स्लॅकसारख्या कथा असतील. स्ट्युअर्ट बटरफिल्ड यांच्या कंपनीने ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ काढला, तो चालला नाही आणि २०१२ च्या अखेरीस बंद झाला. त्याच कंपनीने आपल्या चमूच्या अंतर्गत संवादासाठी बनवलेले साधन पुढे स्लॅक म्हणून आणले आणि २०२१ मध्ये ते सेल्सफोर्सने २७ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतले. इन्स्टाग्रामचेही तसेच. आधीचे बर्बन हे ॲप आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवण्यासाठी होते, पण लोक त्यातली छायाचित्रांची सोयच वापरत होते, म्हणून बाकी सगळे काढून टाकून २०१० च्या ऑक्टोबरमध्ये नवे ॲप आणले. या कथा सांगताना धाडसाचे गोडवे गायले जातात. माझ्या मते त्यांत धाडसापेक्षा निरीक्षण जास्त आहे. दोन्ही ठिकाणी नवी वस्तू आधीच वापरात होती. संस्थापकांनी ती हवेतून आणली नाही. ज्या कंपन्यांनी वापराचा असा पुरावा नसताना उडी मारली आणि बुडाल्या त्यांच्या कथा कोणी सांगत बसत नाही, त्यामुळे पिव्होटचे यश आपल्याला वाजवीपेक्षा मोठे दिसते.

तुमच्या सेन्सरमागे असा पुरावा आहे का? कोणत्या ग्राहकाने आपण होऊन बिघाडाची पूर्वसूचना मागितली आहे, की ही कल्पना तुमच्या बैठकीतच जन्मली आहे? तुमच्याकडे नोंदींचा साठा तयार आहे. तो उघडून लोक तुमची प्रणाली कशासाठी वापरतात ते पाहा. तुम्ही ज्यासाठी बनवली त्याखेरीज दुसऱ्याच कशासाठी ती वापरली जात असेल, तर तिथे थांबून विचार करण्यासारखे आहे.

तेलपाणी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून काही गोष्टी लगेच करून पाहिल्या, त्यांचा वृत्तांत देतो.

वही मागणारे साहेब गुणवत्ता विभागाचे प्रमुख निघाले. वर्कऑर्डर यांनी लिहिले तसेच आहे. त्यांना ग्राहक कंपनीच्या ऑडिटसाठी सहीसह कागदी नोंद लागते आणि आमच्या प्रणालीत सहीची सोयच नाही. त्यांनी आमची प्रणाली कधी उघडूनही पाहिलेली नव्हती. बिघाडांमधल्या सरासरी काळाचा तक्ता छापून दाखवला तेव्हा त्यांनी तो निमूटपणे खिशातल्या गणकयंत्रावर दोन ओळींपुरता पडताळला आणि मग दर महिन्याला किती यंत्रांचा असा तक्ता मिळेल ते विचारले. ऑर्डर अजून निघालेली नाही, पण "पुढच्या तिमाहीत" हे शब्द या वेळी आले नाहीत.

शंकेखोर यांच्या सूचनेप्रमाणे नोंदी चाळल्या. यंत्राच्या तक्रारीखाली "शेरा" नावाची एक मोकळी चौकट आम्ही सहज ठेवून दिली होती. दोन कारखान्यांत तिच्यात यंत्राबद्दल फारसे काही नसते. "रात्रपाळीत दोन नंबरच्या साच्याला माल चिकटत होता, सकाळी आधी साचा पुसून घ्या", "कच्चा माल अर्ध्या पाळीपुरताच आहे" अशा मजकुराने ती भरलेली आहे. म्हणजे एका पाळीचे लोक पुढच्या पाळीसाठी निरोप ठेवतात. आम्ही ही चौकट पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार होतो, कारण तिच्यातला मजकूर आमच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. हा शंकेखोर म्हणतात तसा पुरावा मानावा का? आणि पाळीच्या निरोपांसाठी पैसे देईल असा कारखान्यात कोण आहे?

दोन मोफत चाचण्या पूर्वसूचना देऊन थांबवल्या. एका ठिकाणाहून काहीच आले नाही, आणि हे कौतुक करण्यात सर्वांत पुढे असलेले ठिकाण होते. दुसरीकडून उत्पादन व्यवस्थापकाचा फोन आला.

आडवी बेरीज यांनी सांगितलेले चार आकडे काढायचे काम चालू आहे. यंत्रांची यादी आमचीच माणसे भरतात हा त्यांचा अंदाज बरोबर ठरला. सेन्सरबाबत मात्र माझा सहकारी ठाम आहे. त्याचे म्हणणे असे की कारखान्यांच्या आजच्या सवयींवरून ठरवत बसलो तर आपण वहीची सुधारित आवृत्तीच विकत राहू. त्याच्या या म्हणण्यात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही.

मधली सुट्टी यांचे उत्तर

तुमच्या सहकाऱ्याच्या बाजूने थोडे बोलतो, कारण आतापर्यंत त्यांची बाजू कोणी घेतलेली नाही. ग्राहकांना आज जे हवे आहे तेवढेच देत राहिलेल्या कंपन्याही बुडाल्या आहेत. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता. तो ०.०१ मेगापिक्सेलचे कृष्णधवल चित्र काढत असे आणि ते कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. फिल्म घेणारे ग्राहक तेव्हा पूर्ण समाधानी होते. त्यांना विचारले असते तर असला कॅमेरा कोणीच मागितला नसता. कंपनीने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्मच्याच धंद्यातल्या फुजीफिल्मने मात्र फिल्मसाठी कमावलेले रसायनांचे आणि पातळ थरांचे ज्ञान एलसीडी पडद्यांना लागणाऱ्या फिल्ममध्ये, औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरले. त्यामुळे "ग्राहक मागत नाहीत" एवढ्यावर सेन्सरची फाइल बंद करणे मलाही योग्य वाटत नाही.

तरीही कल्पनेला वाव देणे आणि तिच्यावर रोकड लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅनने मागणी सिद्ध होण्याआधीच प्रचंड स्वयंचलित गोदामे उभारायला घेतली आणि २००१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्याच काळात, १९९९ मध्ये, निक स्विनमर्न यांना लोक इंटरनेटवरून पादत्राणे घेतील का याचे उत्तर हवे होते. त्यांनी दुकानांतल्या जोडांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकली आणि मागणी आली की दुकानात जाऊन तो जोड विकत घेऊन पाठवला. त्यातून झॅपोस उभी राहिली, जी २००९ मध्ये ॲमेझॉनने घेतली. प्रत्येक जोडामागे पैसा मिळत नव्हता, पण गोदाम न बांधता उत्तर मिळाले.

तुमच्या सेन्सरचेही असेच करता येईल. एका कारखान्यातले एकच यंत्र निवडा, ज्याच्या बिघाडाने सगळी ओळ थांबते. स्वतःचा सेन्सर बनवू नका. बाजारात मिळणारे कंपन मोजण्याचे उपकरण भाड्याने घ्या, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी माणूस पाठवून मोजमाप घ्या आणि सूचना तुमच्या प्रणालीतून, पण हाताने लिहून, पाठवा. सुरू करण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: आपण काय गृहीत धरत आहोत, किती पैसे लावणार आहोत, कोणत्या तारखेला थांबून पाहणार आहोत, आणि काय दिसले तर हे सोडून देणार आहोत. शेवटची ओळ तुमच्या सहकाऱ्याने लिहावी. स्वतः घातलेली अट माणूस मोडत नाही असे मी म्हणत नाही, पण दुसऱ्याने घातलेल्या अटीपेक्षा ती मोडायला जड जाते.

चमूतल्या तरुणांसाठीही हीच चार ओळींची पद्धत ठेवा. थ्रीएममध्ये तांत्रिक कर्मचाऱ्यांना कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवण्याची मुभा आहे, तिचे दाखले सगळीकडे दिले जातात. पण त्या कंपनीत कल्पना तपासायला प्रयोगशाळा आहेत, सहकारी आहेत आणि फसलेल्या प्रयोगाचा खर्च सोसण्याची ऐपत आहे. तुमच्यासारख्या लहान चमूत टक्केवारीने वेळ वाटून दिला की चालू काम आणि नवे काम दोन्ही अर्धवट राहतात. त्यापेक्षा एका वेळी एकच प्रयोग, पण तो पूर्ण करायची मोकळीक, हे जास्त जमेल. ज्याची कल्पना त्यानेच ग्राहकाकडे जाऊन ती मांडावी. कारखान्यात एक पाळी काढून आलेला मुलगा आपली कल्पना स्वतःच छाटून आणतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

जाता जाता एक अप्रिय विषय. तुमच्या दोघांत भागीदारीचा लेखी करार आहे का? संस्थापकांचे समभाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के, म्हणजे कायमचे त्यांच्या मालकीचे, व्हावेत आणि पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्के होऊ नये, ही नवउद्योगांत रुळलेली पद्धत आहे. मतभेद चालू असताना असा करार सुचवणे अवघड असते. पण उद्या दोघांपैकी एकाला वेगळे व्हावेसे वाटले आणि निम्मे समभाग त्याच्याकडे राहिले, तर नवा गुंतवणूकदार पहिल्याच बैठकीत मागे फिरेल.

वर्कऑर्डर यांचे उत्तर

पाळीच्या निरोपांसाठी पैसे कोण देईल, असे तेलपाणी यांनी विचारले आहे. ज्यांचा फोन आला ते उत्पादन व्यवस्थापक होते, देखभालीचे नव्हे, हे तुमच्या लक्षात आले का? पाळी बदलताना निरोप पोहोचला नाही की सकाळचा पहिला माल खराब निघतो, आणि त्याचा जाब त्यांना द्यावा लागतो. त्यांना पुन्हा भेटा आणि प्रणाली बंद असताना त्यांनी ते निरोप कशावर लिहून घेतले, एवढेच विचारा. शेऱ्याची चौकट तोवर काढू नका.

मधली सुट्टी यांच्या प्रयोगात एक दुरुस्ती सुचवतो. कंपन मोजणारी माणसे बऱ्याच मोठ्या कारखान्यांत आधीपासून असतात आणि कंपन किती असले की धोक्याचे समजायचे याच्या मर्यादा आयएसओ २०८१६ या मानकात दिलेल्या आहेत. बेअरिंग, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारा भाग, खराब होऊ लागले की सहसा कंपनात फरक आधी दिसतो. ते हाताला गरम लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पण ही गोष्ट सतत फिरणाऱ्या यंत्रांना, म्हणजे पंप, पंखे, मोटारी, कंप्रेसर यांना लागू पडते. तुमच्या ग्राहकांकडे साचे आणि प्रेस जास्त असतील तर त्यांचे बिघाड वेगळ्या कारणांनी होतात आणि कंपनाचे उपकरण तिथे फारसे काही सांगणार नाही. तेव्हा उपकरण भाड्याने घेण्याआधी तुमच्या प्रणालीत साठलेल्या तक्रारी उघडा आणि यंत्र बंद राहण्याचा सर्वांत जास्त वेळ कोणत्या यंत्रांमुळे आणि कोणत्या कारणांनी गेला आहे, याची उतरत्या क्रमाने यादी करा. त्या यादीत बेअरिंग कितव्या क्रमांकावर आहे ते इथे कळवा, म्हणजे सेन्सरबद्दल पुढे बोलता येईल.